दोन जांभळे ॲस्टर आणि फुलाखालची हिरवी वाटी

गणपती झाले की दरवर्षी ॲस्टरची पत्रं सुरू होतात, यंदा जरा जास्तच आलीत, म्हणून या वेळचा पूर्ण कॉलम त्यांनाच देते. एडिसनच्या वाचक ताईंचं पत्र सगळ्यात मोठं आणि त्यातला प्रश्न पण सगळ्यात चांगला, तेव्हा पहिली सुरुवात तिथून.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो, येऊन अकरा वर्षं झाली. आमच्या घरामागे ओढा आहे, त्याच्या बाजूच्या मोकळ्या गवतात सप्टेंबरमध्ये जांभळी फुलं येतात, माझ्या खांद्याएवढी उंच झाडं, मधे पिवळं आणि बाजूनी खूप साऱ्या बारीक पाकळ्या. गेल्या आठवड्यात जर्सी शोअरला म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर गेलो तर तिथे खाडीच्या कडेला तशीच फुलं दिसली पण झाड कमरेच्या खाली आणि रंग थोडा निळसर. माझे मिस्टर म्हणतात दोन्ही न्यू यॉर्क ॲस्टर, शेजारची बाई म्हणते दोन्ही न्यू इंग्लंड ॲस्टर. मी दोन्हीचे फोटो पाठवलेत. नवरात्रात देवीला वाहायला घरामागची थोडी तोडली होती, बोटं इतकी चिकट झाली की साबणानी धुवावी लागली. ही एकच आहेत की वेगळी? आणि वेगळी असतील तर कसं ओळखायचं?

उत्तर : ताई, तुमचं घरामागचं न्यू इंग्लंड ॲस्टर आहे आणि शोअरवरचं बहुतेक न्यू यॉर्क ॲस्टर. म्हणजे मिस्टर पण अर्धे बरोबर आणि शेजारीण पण अर्धी बरोबर. पण हे मी तुमच्या फोटोंवरून नाही सांगत आहे, फोटो सुंदर आलेत पण सगळे वरून काढलेत, आणि वरून बघितलं तर ही दोन फुलं भल्या भल्यांना चकवतात. मला कळलं ते तुमच्या शेवटच्या वाक्यावरून, बोटं चिकट झाली त्यावरून. तिथेच सगळं उत्तर आहे, कसं ते सांगते.

एक फूल घ्या आणि उलटं करा. पिवळ्या-जांभळ्या भागाच्या खाली एक हिरवी वाटी असते, बारीक बारीक पानांसारखे तुकडे एकावर एक बसवून केलेली, पुस्तकात त्यांना छदं म्हणतात. न्यू इंग्लंड ॲस्टरमध्ये हे तुकडे लांब, टोकदार, बाहेरच्या बाजूला वळलेले आणि बऱ्याचदा जांभळट असतात, आणि त्यांच्यावर बारीक बारीक ग्रंथी असतात, टाचणीच्या डोक्यापेक्षा कितीतरी बारीक. माझ्याकडे सोनाराकडे असते तसली दहापट मोठं दाखवणारी लेन्स आहे, त्यातून बघितलं की ती वाटी अक्षरशः घामेजल्यासारखी दिसते, प्रत्येक केसाच्या टोकाला एक चकाकता ठिपका. हाच चिकटा तुमच्या बोटांना लागला. आणि बोटं धुवायच्या आधी वास घेतला असतात तर टर्पेंटाइनसारखा, थोडा कापरासारखा पण, असा एक उग्र वास आला असता, मला तो आवडतो.

न्यू यॉर्क ॲस्टरची वाटी मात्र कोरडी. तिचे तुकडे पण हिरवे, त्यांची टोकं पण बाहेर वळलेली असतात म्हणून नुसतं बघून गोंधळ होतो, पण त्याच्यावर त्या ग्रंथी नाहीत, हाताला काही लागत नाही.

दुसरं म्हणजे खोड. अंगठा आणि बोटात धरून वरून खाली फिरवा. न्यू इंग्लंडचं खोड जाड आणि केसाळ, खरखरीत लागतं, आणि वर फुलांच्या जवळ गेलं की तिथेही चिकट. न्यू यॉर्कचं जवळजवळ गुळगुळीत, थोडी लव असली तरी ती पानाच्या खालून ओळीत उतरलेली असते, सगळ्या अंगावर नसते. डोळे मिटून सुद्धा हा फरक कळतो, मी आमच्या इथल्या मुलांना खरंच डोळे मिटायला लावून करून घेते आणि एकदा केलं की ती विसरत नाहीत.

पानांना दोन्हीकडे देठ नसतो. न्यू इंग्लंडच्या पानाच्या तळाला दोन कान असतात आणि ते खोडाला मागून कवटाळून बसतात, लहान मूल आईच्या मानेला दोन्ही हातांनी धरतं ना, तसं. पान केसाळ आणि कड सरळ, दाते नाहीत. न्यू यॉर्कचं पान पण थोडं कवटाळतं पण अर्धवट, आणि पान गुळगुळीत, जरा जाडसर, कधीकधी कडेला तुरळक दाते असतात.

आता पाकळ्या. (खरं तर ती पाकळी म्हणजे एक पूर्ण फूल असतं. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो शंभरेक फुलांचा गुच्छ असतो, बाहेरची ती जांभळी मादी फुलं आणि मधली पिवळी नळीसारखी फुलं नर-मादी दोन्ही. झेंडू, शेवंती, सूर्यफूल सगळ्यांचं असंच, सगळी एकाच कुळातली.) न्यू इंग्लंडमध्ये या बाहेरच्या पाकळ्या साधारण पन्नास ते पंचाहत्तर, कधी शंभरापर्यंत पण, आणि अगदी अरुंद, दोऱ्यासारख्या. न्यू यॉर्कमध्ये पंधरा ते पस्तीसच्या मधे आणि थोड्या रुंद. या रविवारी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन्हीचं एक एक फूल सोडवून मोजलं, एकाच्या बासष्ट निघाल्या आणि दुसऱ्याच्या चोवीस. दर वेळी मोजायची गरज नाही, न्यू इंग्लंडचं फूल दाट झालरीसारखं दिसतं आणि न्यू यॉर्कमध्ये पाकळ्या सुट्या सुट्या दिसतात, चार पाच बघितली की डोळ्याला सवय होते.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. न्यू इंग्लंड गडद जांभळं ते गुलाबी, कधी पांढरं पण निघतं, न्यू यॉर्क निळसर जांभळं जास्त, पण एकाच शेतात दोन झाडांचे दोन रंग असतात आणि ढगाळ दिवशी फोनचा कॅमेरा जांभळ्याला निळं करून टाकतो. मधलं पिवळं सुद्धा फसवतं, फूल जुनं झालं की ते लालसर जांभळं होतं, दोन्हीकडे, तेव्हा एकाच झाडावर पिवळ्या डोळ्याची आणि लाल डोळ्याची फुलं दिसली तर ती दोन जाती नाहीत, तरुण आणि म्हातारी आहेत.

उंचीवर पण एकट्यावर भरवसा नको. न्यू इंग्लंड सहज चार पाच फूट, चांगल्या ओलीत सहा फूट सुद्धा, न्यू यॉर्क साधारण एक ते चार फूट. पण हरणांनी जूनमध्ये शेंडा खाल्ला की न्यू इंग्लंड पण कमरेएवढंच राहतं.

आणि जागा. न्यू यॉर्क ॲस्टर मुख्यतः अटलांटिक किनाऱ्याचं झाड, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपासून खाली दक्षिणेकडच्या राज्यांपर्यंत, समुद्रापासून फार आत सहसा जात नाही, खाऱ्या दलदलीच्या वरच्या कडेला, खाडीच्या काठाला, ओल्या झुडपात. म्हणून शोअरवर खाडीच्या कडेला म्हटलंत तिथेच माझा कौल न्यू यॉर्ककडे गेला. न्यू इंग्लंड ॲस्टर मात्र रॉकी पर्वतांच्या पूर्वेला खूप मोठ्या भागात आहे, गवताळ माळ, ओढ्याच्या बाजूची मोकळी जमीन, हायवेची कड. म्हणजे नावं अशी की माणूस गोंधळलाच पाहिजे, न्यू यॉर्क राज्यात न्यू इंग्लंड ॲस्टर भरपूर आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, किनाऱ्यावर न्यू यॉर्क ॲस्टर भरपूर.

नावाची गोष्ट सांगतेच. दोन्हीला शास्त्रीय नावं लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ मध्ये दिली, एकाला नोवी-ॲंग्ली म्हणजे न्यू इंग्लंडचं आणि दुसऱ्याला नोवी-बेल्जी. हे बेल्जी म्हणजे आजचं बेल्जियम नव्हे, आजच्या न्यू यॉर्कच्या भागात डचांची वसाहत होती न्यू नेदरलँड, तिचं हे लॅटिन नाव. ती वसाहत इंग्रजांनी १६६४ मध्ये घेतली, न्यू ॲम्स्टरडॅमचं न्यू यॉर्क झालं, पण फुलाच्या नावात ती डच वसाहत अजून तशीच बसलीय. तेव्हा दोघंही ॲस्टर या वंशात होते. ॲस्टर म्हणजे ग्रीकमध्ये तारा, आणि आपल्या तारा शब्दाचं मूळ आणि त्याचं मूळ एकच. पुढे १९९४ च्या सुमाराला गाय नेसम या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं अमेरिकेतले बहुतेक ॲस्टर त्या वंशातून बाहेर काढले, आता ही दोघं सिम्फिओट्रायकम वंशात आहेत. नाव जड आहे खरं, पण कारण पक्कं आहे, अमेरिकेतले हे ॲस्टर युरोप-आशियातल्या खऱ्या ॲस्टरपेक्षा तिथल्याच पिवळ्या गोल्डनरॉडला जास्त जवळचे निघाले. तुमच्या ओढ्याकाठी जांभळ्याच्या शेजारी जे पिवळे तुरे दिसत असतील तेच गोल्डनरॉड.

आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते गुणसूत्रांचं. न्यू इंग्लंड ॲस्टरच्या पेशीत गुणसूत्रं फक्त १०, पाचाचे दोन संच. न्यू यॉर्क ॲस्टरच्या पेशीत ४८, आठाचे सहा संच. माणसाची ४६ असतात बघा. म्हणजे बाहेरून जुळ्या बहिणी वाटतात पण एका वंशात असून दोघींची घराणी वेगळी, सख्ख्या नाहीत, चुलत म्हणा. त्यामुळे संकर पण आपापल्या घराण्यात होतात, न्यू इंग्लंडचा होतो तो पांढऱ्या बारीक फुलांच्या हीथ ॲस्टरशी, त्यातून फिकट जांभळा ॲमेथिस्ट ॲस्टर येतो, आणि न्यू यॉर्कचा त्याच्या घराण्यातल्या गुळगुळीत पानाच्या ॲस्टरशी. तुम्ही विचारलं नव्हतंत तरी सांगते कारण बरेच जण शेजारी शेजारी दोन्ही लावतात आणि मग एखादं वेगळं रोप उगवलं की या दोघांचं पिल्लू समजतात.

एक इशारा देऊन ठेवते. केसाळ खोड दिसलं की लगेच न्यू इंग्लंड म्हणू नका. ओल्या जागी, दलदलीत एक तिसरं असतं, लालसर जांभळ्या खोडाचं पर्पल-स्टेम ॲस्टर, त्याचं खोड पण केसाळ आणि पान पण खोडाला कवटाळणारं. पण त्याच्या पानाला दाते असतात, फूल फिकट निळं, आणि वाटी कोरडी. परत वाटीच!

पुढच्या वेळी फोटो काढताना एका झाडाचे तीन काढा, फूल वरून, फूल बाजूनं किंवा खालून वाटी दिसेल असं, आणि खोडाचा मधला भाग पानासकट. तिसरा फोटो काढायचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि मला तोच हवा असतो.

आणि देवीला वाहायला तोडलीत त्यात काही चूक नाही, घरामागची आहेत, पण थोडीच तोडा असं मी हात जोडून सांगेन. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाकी सगळं संपत आलेलं असतं, मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोला निघालेली असतात आणि वाटेत हीच फुलं त्यांचं पेट्रोल. भुंग्यांचं पण तेच, बम्बल बीच्या पूर्ण वसाहतीतून फक्त नवीन राण्या हिवाळा काढतात, बाकी सगळे मरतात, आणि त्या राण्यांना जमिनीत झोपायला जाण्याआधी पोट भरायला ॲस्टर आणि गोल्डनरॉडच उरलेले असतात. एक छोटी मातीत बीळ करणारी मधमाशी आहे, ॲन्ड्रिना ॲस्टेरिस, ती तर पिल्लांसाठी पराग ॲस्टरचाच गोळा करते, तिचं नावच त्यावरून. सकाळी लवकर गेलात, थंडी असताना, तर फुलांवर नर भुंगे झोपलेले सापडतील, अंगावर दव, हलत पण नाहीत. ऊन आलं की पोट हलवायला लागतात आणि मग उडतात. हे एकदा तरी बघाच.

प्रश्न : माझ्याकडे बॉस्टनजवळ छोटं अंगण आहे, दोन्हीपैकी एकच लावायला जागा आहे. कुठलं लावू? नर्सरीत लेबल बघून घेतलं तर चालेल ना?

उत्तर : लेबलचं आधी सांगते कारण माझ्यावर बेतलंय. सहा वर्षांपूर्वी एका नर्सरीतून न्यू यॉर्क ॲस्टर अशा लेबलचं रोप आणलं, फुललेलं, एक फुटाचं, गोल गरगरीत, आणि गाडी लावतो त्या वाटेच्या कडेला लावलं, म्हटलं छोटं राहील. पुढच्या वर्षी ते जुलैतच माझ्या छातीपर्यंत आलं, ऑगस्टच्या पावसात आडवं झालं आणि पूर्ण वाट अडवून बसलं, खालची अर्धी पानं वाळून काळी पडलेली. तेव्हा खोडावरून हात फिरवला आणि कळलं, न्यू इंग्लंड आहे. दुकानात ते ठेंगणं दिसत होतं कारण शेंडे खुडून खुडून बुटकं केलं होतं. दुकानात मी फूल उलटं केलं असतं तर तिथेच कळलं असतं, पण मी रंग बघून भुलले. तेव्हा लेबल वाचा पण हात पण लावा.

आता कुठलं लावायचं. जागा छोटी, ऊन भरपूर आणि जमीन बरी असेल तर मी न्यू इंग्लंडच सांगेन, कारण ते एका जागी ठोंब करून राहतं, तर न्यू यॉर्क आल्या-हळदीसारखी जमिनीखालून लांब लांब खोडं पाठवतं आणि तीन चार वर्षांत शेजारच्या वाफ्यात निघतं. खाडीकाठी मोकळी जमीन असेल, माती धरून ठेवायची असेल तर तोच गुण सोन्यासारखा, पण चार बाय सहाच्या वाफ्यात नको. उंची नको असेल तर न्यू इंग्लंडमधलंच पर्पल डोम नावाचं वाण मिळतं, पेन्सिल्व्हेनियात रस्त्याच्या कडेला सापडलेलं, दीड दोन फुटाच्या वर जात नाही. गुलाबी हवं तर आल्मा पोट्श्के.

उंच जात लावलीत तर मेच्या शेवटी एकदा आणि जूनमध्ये एकदा शेंडे खुडा, आपण शेवंतीचे खुडतो तसेच, म्हणजे फांद्या जास्त फुटतात आणि झाड पडत नाही. चार जुलैनंतर मात्र कात्री लावायची नाही, नाहीतर कळ्याच जातील. आणि खालची पानं फुलायच्या वेळी वाळतातच, ते दुखणं नाही, त्याचा स्वभाव आहे, पुढे काहीतरी बुटकं लावा म्हणजे पाय झाकले जातात. दर दोन तीन वर्षांनी वसंतात ठोंब उकरून फोडायचा, मधला म्हातारा भाग टाकून कडेचे तुकडे लावायचे. बी पेरायचं तर त्याला थंडी लागते, डिसेंबर-जानेवारीत दुधाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये माती भरून, वर बी भुरभुरून, बाहेर बर्फात ठेवून द्या, फार झाकू नका, उजेड लागतो. एप्रिलमध्ये उगवलेलं दिसेल.

फुलं संपली की सुकलेले दांडे लगेच कापू नका, बिया चिमण्या खातात.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो, आमच्याकडे याला मायकेलमस डेझी म्हणतात. आधीच्या घरमालकांनी लावलेली आहेत, फुलं सुंदर पण दर वर्षी ऑगस्टपासून पानांवर पांढरी पावडर येते आणि खालून सगळं मरगळतं. काय करू?

उत्तर : दादा, ती पावडर म्हणजे भुरी, आपल्या नाशिकच्या द्राक्षवाल्यांची जुनी वैरीण, बुरशी वेगळी पण प्रकार तोच. आणि भुरी आली म्हणता त्यावरून जवळपास खात्रीनं सांगते की तुमचं न्यू यॉर्क ॲस्टर किंवा त्याचा संकर आहे. खोड गुळगुळीत आहे का ते बघून घ्या. ही दोन्ही झाडं अठराव्या शतकात अमेरिकेहून तुमच्याकडे आली, आणि २९ सप्टेंबरला सेंट मायकेलचा सण असतो त्या सुमाराला फुलतात म्हणून मायकेलमस डेझी. आपल्याकडे तेव्हा बहुतेक नवरात्र जवळ आलेलं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माल्व्हर्नजवळ कोलवॉल गावात अर्नेस्ट बॅलर्डनं न्यू यॉर्क ॲस्टरची कितीतरी वाणं केली, मोठी, भरगच्च, डबल पाकळ्यांची. ती बाग अजून आहे, पिक्टन गार्डन, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमलं तर नक्की जा, एवढे ॲस्टर एका जागी दुसरीकडे क्वचित दिसतील.

भुरी येते ती मुळाशी कोरड आणि वर दाटी झाली की. हे मुळात खाडीकाठचं झाड आहे हे लक्षात ठेवा, त्याला पाय ओले आणि डोकं वाऱ्यात हवं. तेव्हा मार्चमध्ये ठोंब फोडून लांब लांब लावा, कंपोस्टचा जाड थर द्या, उन्हाळ्यात पाणी मुळाशी द्या, पानांवर नको, आणि प्रत्येक ठोंबातल्या कमजोर काड्या मेमध्येच काढून टाका. एवढं करूनही दर वर्षी तेच होत असेल तर त्याच्या मागे दोन न्यू इंग्लंड लावून बघा, त्यांना भुरीचा त्रास बराच कमी. फक्त संध्याकाळी पाहुण्यांना दाखवायला नेऊ नका, न्यू इंग्लंडची फुलं अंधार पडला की पाकळ्या आत घेतात, ढग आले तरी मिटतात.

आणि जुने ठोंब ओढ्याकाठी किंवा रेल्वेच्या बाजूला टाकू नका ही कळकळीची विनंती. युरोपात न्यू यॉर्क ॲस्टर आणि त्याचे संकर असेच बागेतून सुटून नदीकाठी पसरलेत. अमेरिकेत जे झाड फुलपाखरांचा आधार आहे तेच दुसऱ्या ठिकाणी तिथल्या झाडांच्या जागेवर बसतं.

प्रश्न : पुण्यात मार्केट यार्डात गणपती-दसऱ्याला जे ॲस्टर मिळतं ते हेच का? मुलगी अमेरिकेहून येताना न्यू इंग्लंड ॲस्टरचं बी आणू का विचारतेय, गॅलरीत येईल का?

उत्तर : नाही हो काकू, ते वेगळं. आपलं मार्केटमधलं ॲस्टर म्हणजे चायना ॲस्टर, त्याचा वंशच वेगळा, कॅलिस्टेफस, आणि त्या वंशात ही एकटीच जात. ते एका हंगामाचं झाड, बी पेरा, फुलं घ्या, संपलं. न्यू इंग्लंड आणि न्यू यॉर्क बहुवर्षायू, हिवाळ्यात वरून मरतात आणि वसंतात मुळातून परत फुटतात. चायना ॲस्टरमध्ये आपल्या पुण्याच्या गणेशखिंडच्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेली फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट अशी वाणं आहेत, हारात, तोरणात तुम्ही ती नक्की घेतली असणार. तेही उलटं करून बघा, वाटीभोवती पसरलेली मोठी हिरवी पानं दिसतील, ती न्यू इंग्लंड आणि न्यू यॉर्कला तशी नसतात.

बी मात्र आणायला सांगू नका. एक तर परदेशातून बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, पर्समध्ये टाकून आणायची गोष्ट नाही ती. दुसरं, त्याला लागतो तसा गोठवणारा हिवाळा पुण्यात नाही. फुले गणेश व्हायोलेटच लावा, गॅलरीत ऊन असेल तर छान येतं, जांभळ्याची हौस पण भागेल.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा, ट्रेकिंग करतो. आपल्याकडे सह्याद्रीत असे जंगली ॲस्टर नाहीत का? सोनकी त्यातलीच ना?

उत्तर : सोनकी त्याच मोठ्या कुळातली, सूर्यफुलाच्या, पण ॲस्टर नाही. तिचा वंश सेनेसिओ, जात सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, जुन्या पुस्तकात ग्रॅहामी सापडेल. ऑगस्ट-सप्टेंबरात कासला आणि गडांच्या उतारावर पिवळा गालिचा होतो त्यात तिचा मोठा वाटा.

तिला पण वाटीवरूनच ओळखा. ॲस्टरच्या वाटीत छदं एकापेक्षा जास्त ओळीत, कौलं एकावर एक चढवतात तशी. सोनकीत मात्र जवळजवळ सारख्या लांबीची एकच ओळ, पिंपाच्या फळ्या उभ्या लावतात तशी, आणि अगदी तळाशी दोन चार बारीक छदं. कासला फुलं तोडायला बंदी आहे आणि असायलाच पाहिजे, तेव्हा तोडू नका, वाटेवरूनच गुडघ्यावर बसा, फोन जमिनीलगत धरून कॅमेरा वरच्या दिशेला करा आणि खालून फोटो काढा. मागे निळं आकाश येतं, वाटी स्पष्ट दिसते, फुलाला हात पण लागत नाही.